तानुबाईची राख

१

तिसऱ्या दिवशी सकाळी भावकी सावडायला स्मशानात गेली, तर तानुबाईची राखच जागेवर नव्हती.

राख विस्कटली, कुत्र्यानं उकरली, असं काही नव्हतं. राख नाही, अस्थी नाहीत, कोळशाचा तुकडा नाही. पत्र्याच्या शेडखालचा तो चौथरा सारवल्यासारखा स्वच्छ आणि अजून ओला. माणूस मेलं की त्याचे दागिने गायब होतात, सातबारावरचं नाव गायब होतं, हे मी पुष्कळ पाहिलंय. राख गायब झालेली पहिल्यांदाच बघत होते.

मी रेणुका, या गावची पोलीस पाटील. पाटील हे माझं आडनाव नाही आणि पाटीलकी आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती. जागा राखीव सुटली, परीक्षा दिली, पास झाले. भीमनगरातली बाई गावची पाटील झाली, हे काही जणांना अजून पचलेलं नाही. त्यात तानुबाईचा मुलगा परमेश्वर पहिला. पण अडचण आली की माणसाची पचनशक्ती सुधारते. माझ्या घरी निरोप त्यानंच धाडला होता.

आमचं गाव पाथरी तालुक्यातलं, गोदावरीच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. स्मशानाची शेड गंगेच्या उतारावर आहे. मी पोचले तेव्हा तानुबाईची मुलगी गीताबाई चौथऱ्याला धरून बसली होती. मानवतला दिलेली, पन्नाशीची बाई. रडत नव्हती. रिकाम्या चौथऱ्याकडे टक लावून बघत होती.

"सोनं!" परमेश्वर मला बघताच म्हणाला. "मायच्या तोंडात सोन्याचा मणी ठिवला हुता. त्याच्यापायी राख नेली. आन् नेणारा कोन, ते बी म्हाईत हाय. इथं रातंदिस ऱ्हातंय कोन? भुजंग!"

भुजंगची लाकडाची वखार शेडच्या शेजारीच आहे. सरण तोच रचतो, त्यामुळे गावाचं त्याच्यावाचून अडतं आणि म्हणूनच गाव त्याला घरात घेत नाही. तो वखारीच्या दारात हात जोडून उभा होता.

मी चौथऱ्याभोवती फिरले. मणी चोरणारा माणूस काय करील? पाणी हाताशी आहे, तिथंच राख चाळील, मणी घेईल आणि हाडं टाकून पळेल. हा चोर हाडांसकट सगळं घेऊन गेला होता आणि वर जागा धुऊन गेला होता. चोर कधी धुऊन जातो का?

चौथऱ्याच्या कोपऱ्यात विड्याचं एक पान होतं. त्यावर चिमूटभर तंबाखू आणि बोटानं लावलेला चुना. मेलेल्याच्या आवडीचं सावडताना ठेवतात, ते ठीक. पण सावडणारी माणसं तर आत्ता आली होती.

आणि पानाच्या शेजारी दगडावर मेणाचे दोन थेंब होते. ते मी पाहिले आणि कुणी बघायच्या आत त्यावर पाय ठेवला.

२

गीताबाईला मी वडाखाली बाजूला घेतलं.

"तुमचं कुनावर मन जातंय का, ताई?"

"मला राखच नगं हुती, रेणुकाबाई," ती म्हणाली. "मला मायचा गोळा पाह्यजे हुता."

"कसला गोळा?"

तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांमागं तानुबाई न्हाणीत पडली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून खुब्यात स्टीलचा गोळा बसवा, म्हातारी पुन्हा चालेल. परमेश्वर म्हणाला, करतो, पण आधी गीतानं वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडावा. मायची जिंदगीभर सेवा मी करणार, तर जमीनही माझीच. गीताबाईनं दुसऱ्याच दिवशी तहसिलात जाऊन हक्कसोड करून दिली.

"नवरा महिनाभर बोलला न्हाई मला. पर मी म्हनले, रान काय करायचंय? माय चालली म्हंजी बास. दादानं हैदराबादला नेऊन ऑपरेशन केलं. मी येते म्हनले तर म्हनला, कशाला एवढ्या लांब? फोनवर म्हनला, गोळा बसला, झक्कास बसला."

"मग चालल्या का तुमच्या माय?"

गीताबाईनं मान हलवली. "बाजंवरून उठली न्हाई पुन्ना. दादा म्हनला, वय झालं, अंगानं साथ दिली न्हाई. मी आले की तिचे पाय चोळायला बसायची, पर हात लावू देत नव्हती. लुगडं घट्ट दाबून धरायची. म्हनायची, ऱ्हाऊ दे बाई, टाके दुखतेत."

"दोन वर्षांनी टाके दुखायचे?"

गीताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या मनात काही आलं असेल तर तिनं ते तिथंच दाबलं. आपल्या माणसाविषयीचा संशय बाई सहजासहजी वर येऊ देत नाही.

"स्टील जळत न्हाई म्हनतेत. मायच्या दुखन्याची तेवढीच खून हाय. मी घरी देवाजवळ ठिवणार हुते. जाळ लावला तव्हाच समद्यांसमोर म्हनले मी, सावडताना गोळा मी घेनार."

"समद्यांसमोर?"

"हाव. दादा हुता, वहिनी हुती, भुजंग हुता. तुमच्या भीमनगरची मंडळी बी हुती तिकडं उभी."

इतक्यात वखारीकडून आरडाओरडा ऐकू आला. भावकीतली दोन पोरं भुजंगच्या खोपीत घुसली होती. एकानं हात वर केला. त्याच्या हातात काळं पडलेलं, हातभर लांब लोखंड होतं.

"घावलं!" तो ओरडला. "म्हातारीच्या पायातलं लोखंड घावलं!"

३

मी जाईपर्यंत भुजंगच्या थोबाडीत दोन बसल्या होत्या. ओठ फुटला होता. त्याची बायको पदर तोंडात कोंबून उभी होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"द्या इकडं," मी म्हणाले. पोरानं परमेश्वरकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, मग ते लोखंड माझ्या हातात आलं. पाटील मी असले तरी परवानगी त्याची लागते.

सरळ रॉड होता. दोन्ही टोकांना भोकं. जाळात गेल्यानं काळपट निळा पडलेला.

"वळखता का?" मी परमेश्वरला विचारलं.

"वळखायचं काय त्यात? मायच्या खुब्यातला रॉड हाय. मपल्या डोळ्यांदेखत बसवला."

"नक्की हाच?"

"हाच. लिहून घ्या पायजे तर."

त्याची बायको राजेश्री मागं उभी होती. नवऱ्यानं 'हाच' म्हटलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मी ते पाहिलं.

भुजंग तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, "पाटीलबाई, ह्यो पंडितचा हाय. पोखर्णीच्या रस्त्याला त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली हुती न्हाई का, तव्हा मांडीत घातलेला. मागल्या साली मेला, राखंत निगाला. त्याचं पोरगं म्हनलं, आमाला बघवत न्हाई, तूच ठिव. मी चुलीत इस्तू सारायला ठिवला."

परमेश्वर हसला. "मेलेला मानूस साक्षीला आनतंय बेइमान."

पंडितच्या त्या अपघाताचा पंचनामा माझ्यासमोर झाला होता. नंतर त्याला दवाखान्यातून आणला तेव्हा मांडीत सळई घातलीय, हे तो येईल-जाईल त्याला लुंगी वर करून दाखवायचा. भुजंग खोटं बोलत नव्हता. पण परमेश्वरच्या विरोधात बोलायला पंडितचं पोरगंसुद्धा पुढं आलं नाही, आणि गावाला नुसतं खरं पुरत नाही. गावाला चोर हवा होता, आणि परमेश्वरनं तो घरबसल्या काढून दिला होता. दुपारी भुजंगला पाथरीच्या ठाण्यात नेलं. मी सोबत गेले म्हणून संध्याकाळी परत सोडलं. पण परमेश्वरची तक्रार उभीच राहिली, आणि भुजंगच्या वखारीतून लाकूड घेऊ नये असं गावानं न ठरवताच ठरवलं.

परतीच्या जीपमध्ये मी एकच गोष्ट घोळवत होते. गीताबाईला दोन वर्षं सांगितलं गेलं गोळा. आणि परमेश्वरनं सगळ्यांसमोर ओळखला तो रॉड, ज्याला गोळा नव्हताच.

आपल्या मायच्या अंगात काय बसवलं, ते पोटच्या पोराला माहीत नसेल? की खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं आठवत नव्हतं?

४

राजेश्री गोठ्यात होती. सुतकात चूल बंद, पण गुरांना सुतक नसतं. मी गव्हाणीवर टेकले.

"सासूबाईला आंघोळ कुनी घातली?"

मयत बाईला आंघोळ घालताना चार बायका पातळाचा आडोसा धरतात आणि भावकीतल्या दोघी-तिघी आत जातात. त्या दिवशी राजेश्रीनं आत कुणाला येऊ दिलं नाही, हे मला आधीच कळलं होतं.

"मीच घातली. लुगड्यावरूनच पानी वतलं."

"अंगाला हळद, तेल?"

"तोंडाला लावली. कशाला इचारायलाव?"

"त्या तंबाखू खायच्या का?"

"कव्हाच सोडली. बाजंवर पडल्यापून न्हाई." हे मात्र तिनं माझ्याकडे बघून सांगितलं. पानावरचा तंबाखू तिनं ठेवला नव्हता, हे मला पटलं.

"मरताना काही बोलल्या?"

तिनं वैरणीचा पेंढा खाली ठेवला. "एकच घोका लावला हुता. मला जाळू नका, पुरा. आमच्यात पुरतेत का? लेकरं पुरतेत, जंगमाला पुरतेत. ह्यायनी झिडकारलं. मग म्हनायली, तसंच गंगंत सोडा. आता तसं कोन सोडतंय? जाळाला भ्याली आसंल."

जाळाला भ्याली! तानुबाई पहाटे आंघोळ केल्याशिवाय पाणी न पिणारी, एकादस कधी न मोडलेली. तिनं नवरा जाळला, दीर जाळला, जाऊ जाळली. ती जाळाला भिणारी नव्हती. पुरणं, पाण्यात सोडणं, तिनं मागितलेल्या दोन्ही गोष्टींत काय सारखं होतं? दोन्हींत तिसऱ्या दिवशी कुणी राख उकरत नाही.

राखेत होतं त्यासाठी कुणी राख नेली नव्हती. राखेत जे निघायला हवं होतं आणि निघणार नव्हतं, त्यासाठी नेली होती.

मी उठले आणि ओसरीवर परमेश्वरसमोर जाऊन बसले. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरं उपरणं. शोक करणाऱ्या माणसाचं सोंग घ्यायला फार लागत नाही.

"हैदराबादचा कोन्ता दवाखाना हुता, परमेश्वरराव?"

"नाव ध्यानात न्हाई. मोठा हुता."

"गोळा बसवला का रॉड?"

"काय फरक पडतंय? लोखंडच की."

"लय फरक पडतो. गोळ्याला गोळा असतो. तुमी पंडितच्या मांडीतला रॉड मायचा म्हनून वळखला. तुमच्या बायकोनं म्हातारीचं लुगडं आंघोळीला सुद्धा फेडलं न्हाई, कारन खुब्यावर टाक्याचा वण न्हवता. ऑपरेशन झालंच न्हाई."

राजेश्री दारात येऊन उभी राहिली होती. परमेश्वरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही. रेशनच्या दुकानात भाव सांगावा तशा आवाजात बोलला.

"नांदेडला हिच्या माह्यारी ठिवली आठ दिस. पट्टी बांधून परत आनली. म्हातारं मानूस, टेबलावरच गेलं आसतं तर? त्या साली बोअर मारायचा हुता. म्हनलं पुढल्या साली करू. पुढल्या साली म्हनलं आता काय उपेग."

"आन् गीताताईची हक्कसोड?"

"ती तर झाली हुती की."

असं म्हणाला. जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मला वाटलं ह्याच्या तोंडावर थुंकावं. थुंकले नाही, याचं अजून वाईट वाटतं.

"म्हनून राख नेली तुमी. गीताताईला गोळा घावला नसता म्हनून."

आणि तेव्हा परमेश्वरच्या तोंडावर जे दिसलं, त्याची मला अपेक्षा नव्हती. तो नुसता बावचळून बघत राहिला. हिशेब चुकलेल्या पोरासारखा.

"गोळा राखंत निगतो, हे मपल्या ध्यानातच न्हवतं," तो म्हणाला. "बाबासायबाची आन, राख मी न्हाई नेली."

माझ्या देवाची शपथ माझ्यावरच वापरली त्यानं. तरी माझा त्याच्यावर विश्वास बसला. राख लपवायला आधी आठवण लागते. त्याला आपलं पाप आठवतसुद्धा नव्हतं. दुसऱ्या कुणालातरी ते त्याच्यावतीनं आठवलं होतं.

उठताना मी म्हणाले, भुजंगवरची तक्रार मागं घ्या. तो हसला. "आन् लोकायला काय सांगू? तुज्याकडं काय पुरावा हाय, पाटीलबाई? रॉड तर माज्या बाजूनं हाय."

५

आता मेणाच्या थेंबांपाशी यावंच लागलं.

सावडायला येणारा हिंदू माणूस पणती लावतो, तेलाची. मेणबत्ती आम्ही लावतो. विहारात लावतो, मयतीला लावतो, मातीवर लावतो. ते दोन थेंब पाहिल्याबरोबर मला कळलं होतं की राख नेणारं माणूस माझ्या वस्तीतलं आहे. म्हणून मी पाय ठेवला. परमेश्वरच्या हाती ते थेंब लागले असते, तर सगळं भीमनगर त्यानं चौथऱ्यावर घेतलं असतं.

आणि तानुबाईच्या तंबाखूची चव माहीत असलेलं वस्तीत एकच माणूस होतं.

चांगुणाबाईला आम्ही चांगुणामाय म्हणतो. तानुबाईच्या वयाची. तरुणपणी तानुबाईच्या रानात कापूस वेचायला जायची, आणि मालकीणही सोबत वेचायची. बांधावर बसून दोघी एकाच चंचीतला तंबाखू खायच्या, फक्त चंची जमिनीवर ठेवून दुसरीनं उचलायची, हातातून हातात नाही. तानुबाई बाजेला खिळली तेव्हा सुनेला तिचं करायचा कंटाळा. मग चांगुणामाय रोज मागच्या दारानं जाऊन तिचं घाण काढायची, कूस बदलायची. हातातून हातात तेव्हा कुठं सुरू झालं. गरजेपुढं विटाळ टिकत नाही.

ती दारात बसून घमेलं घासत होती. घासून घासून चकचकीत केलेलं.

"चांगुणामाय, घमेलं लय घासायलीस."

तिनं वर पाहिलं नाही. "तुला कळलंच आसंल. तू तिथं पाय ठिवला, तव्हाच समजले मी. मी वडामागं हुते."

"कामून केलं गं?"

तिनं घमेलं मांडीवर घेतलं. "तिनं आन घातली हुती. लेकानं सांगितलं हुतं तिला, गीतीला कळू देऊ नगं, न्हाई तर ती रान मागंल, कोर्टात जाईल, भाऊ-भन तुटतील. दोन वरसं तोंड दाबून पडली. रातच्याला हाड टोचायचं तर पदर चावायची. मला दाखीवलं एकडाव. खुबा नुसता लटकत हुता. मी म्हनले, लेकीला सांग. तर म्हनली, लेक काय परक्याची, लेकाची इज्जत गेली तर मी कुठं जाऊ?"

"आन् मग गोळ्याचं ध्यानात आलं तिला."

"पंडितच्या राखंतून सळई निगाली आसं मीच सांगितलं बोलता बोलता. मपलंच तोंड जळो. त्या दिसापून तिचा डोळ्याला डोळा न्हाई. गीती सावडायला यील, गोळा हुडकील, न्हाई घावायचा. मला इचारली, तुमच्यात पुरतेत नव्हं? मी म्हनले, मपला मानूस पुरलाय, बरं असतं, शांत. तिनं घरात मागून बघितलं. कुनी ऐकलं न्हाई. मग मला म्हनली, चांगुणे, तूच ने मला. समदी ने. जरा बी ठिवू नगं."

पहाटे तिनं घमेल्यानं मण्यासकट सगळी राख गंगेत सोडली. भुजंग आत घोरत होता. मग चौथरा धुतला, मेणबत्ती लावली, तिला येतं तेवढं त्रिशरण म्हटलं आणि चंचीतला तंबाखू पानावर ठेवला.

"भुजंगला मारलं गं," मी म्हणाले. "त्याचं घर बसलं."

चांगुणामाय घमेल्यात तोंड बघावं तशी बघत राहिली. "तिला शबुद दिलाय मी, रेणुका. तू बी कुनाला सांगू नगं."

मी तिला होय म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

६

दहाव्याला गंगेवर सगळं गाव लोटलं. भटजी, भाताचे पिंड, केळीची पानं. आणि परमेश्वरच्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"अस्थी तर चोरानं नेल्या," तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मायच्या आंगातलं एवढंच हाती लागलं. तेच गंगंत सोडतो."

फडक्यात पंडितचा रॉड होता; मायचा म्हणून ठाण्यातून मागून आणलेला. परमेश्वर परक्याच्या मांडीतलं लोखंड स्वतःच्या आईच्या नावानं गंगेला वाहणार होता, आणि गाव हळहळत होतं. भुजंग लांब बाभळीखाली बायकोला घेऊन बसला होता. त्याला कुणी हाकललं नाही आणि कुणी बोलावलंही नाही.

मी चांगुणामायला हो-नाही काही म्हणाले नव्हते, ते बरंच झालं होतं.

"थांबा," मी म्हणाले. "राख भुजंगनं नेली न्हाई. राख कुनी नेली ते मला म्हाईत हाय. राख तानुबाईनं नेली."

लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण मी बोलत राहिले. पंडितचा रॉड, त्याला नसलेला गोळा, न फेडलेलं लुगडं, नांदेडची पट्टी, पुरा म्हणून केलेली विनवणी, सगळं एकामागून एक. पंडितचा मुलगा पुढं आला, फडकं उघडून बघितलं आणि म्हणाला, "हा आमच्या बापाचाच हाय." राजेश्रीला कुणीतरी विचारलं, वण होता का? ती खाली बघत राहिली आणि तेवढ्यानं सगळ्यांना समजलं.

गीताबाई एका जागी उभी होती. भावाकडे नाही, पिंडाकडे बघत होती.

परमेश्वर एवढंच ओरडला, "मेल्याली बाई राख नेती का? हात कुनाचा हुता? नाव सांग!"

"नाव मी सांगनार न्हाई."

"मपला हुता," मागून आवाज आला. चांगुणामाय गर्दीतून पुढं येत होती. लोक बाजूला सरकले, तिला वाट देण्यासाठी नाही, तिला शिवू नये म्हणून.

"तू?" परमेश्वरला पाय टेकायला जागा सापडली. "आमच्या मायच्या अस्थीला तू हात लावला? तुजी अवकात काय?"

"गप!" गीताबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माय जित्ती हुती तव्हा तिचं हागनं-मुतनं हिनं काढलं. तव्हा इटाळ झाला न्हाई तुला? हाडं बी हिनंच न्यावी. तुज्या हातनं गेली असती तर माझंच सुतक फिटलं नसतं."

भटजी घाईघाईनं म्हणाले, आधी पिंड ठेवू या. पिंड ठेवले. सगळे मागं सरले आणि झाडांकडे बघू लागले. मी कावळ्याचं मानत नाही, बाबासाहेबांनी सांगितलंय मानू नका. तरी मीही बघत होते.

वडावर दहा-बारा कावळे होते. एकही खाली येईना.

"इच्छा राहिलीय काहीतरी," भटजी म्हणाले. "बोला, घरच्यांनी बोला."

"माय, गीताचं माह्यारपन करीन," परमेश्वर म्हणाला. कावळे बसून राहिले. "माय, तुज्या नावानं गाय देईन." एकानं पंख झटकले, बस्स.

चांगुणामाय पाण्याकडे बघत म्हणाली, "आता न्हाई शिवायचा. तिची एकच इच्छा हुती. ती आपुन समद्यायनी आत्ताच मोडली."

ती हे मला म्हणत होती. मी भुजंगकडे बघितलं. त्याला वाचवलं, याचा आनंद मला त्या क्षणी नीट झाला नाही. ज्या बाईनं दोन वर्षं पदर चावला, तिचं एवढं एक मागणं मी दहा मिनिटांत गावासमोर उलगडून ठेवलं होतं. दुसरा रस्ता होता का? मला अजून सापडलेला नाही.

ऊन चढलं. लोकांची जेवणं व्हायची होती. परमेश्वर घाम पुसत भटजींच्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "दर्भाचा कावळा करा की. चालतंय म्हनं."

चालतं. शास्त्रात सोय आहे. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात. भटजींनी दर्भ काढला, गाठ मारली, चोच केली.

"करा, करा," गीताबाई म्हणाली. एवढ्या माणसांत तिचा आवाज साधा, रोजचा होता. "दर्भाचाच करा. दादानं मायच्या खुब्यात बी दर्भाचाच गोळा बसवला हुता. तिनं दोन वरसं चालवून घेतलाच की."

भटजींनी तो कावळा पिंडाला टेकवला, आणि माणसं चपला शोधायला लागली.

रॉड तिथंच वाळूत पडला होता. भुजंग बाभळीखालून उठून आला, त्यानं तो उचलला, धोतराला पुसला आणि पंडितच्या मुलाला म्हणाला, "न्यायचा का?"

पोरानं नकारार्थी मान हलवली. भुजंग रॉड घेऊन वखारीकडे गेला. त्याची चूल पेटायची होती.